मुलांचीं शोधचित्रें



चित्रांच्या पुस्तकांविषयीं ध्वनिक्षेपकापुढें बसून बोलावयाचें हें काम थोडेंसें विचित्रच आहे. चित्र माझ्यासमोर उघडें आहे, पण तुम्हांला तें दिसण्याचा संभव नाहीं. तथापि एका मनुष्याला जें ढळढळीत दिसतें तें त्याच्या शेजारीं बसलेल्या दुसऱ्याला मुळींच दिसत नाहीं, असा प्रकार डोळे उघडे असतांहि घडतो. आणि आज मला जें सांगावयाचें आहे तें बरेचसें त्याविषयींच आहे. तेव्हां ही अडचण विषयाला धरूनच आहे असें समजून मी आरंभ करतों.

लहान मुलांसाठीं जीं चित्रमय पुस्तकें निघतात त्यांत शोधचित्रांची एक निराळी जात आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलें एकच मोठें चित्र असतें. बाजार, आगगाडीचें स्टेशन, जत्रा, समुद्रकिनारा, बांधकाम चाललेली इमारत असें कांहीं तरी गजबजलेलें ठिकाण घेऊन चित्रकार त्यांत शेंदीडशें माणसें, जनावरें, वाहनें आणि वस्तु दाटून भरतो. मजकूर जवळजवळ नसतोच. पानाच्या कडेला फार तर चार-दोन लहान चित्रें असतात: एक छत्री, एक मांजर, एक फुटकी घागर; आणि तीं त्या गर्दींत कोठें आहेत तें मुलानें शोधून काढावयाचें असतें. आमच्या रहाटणीच्या मुलांनीं या पुस्तकांना ‘हुडकायचं पुस्तक’ असें सरळ नांव दिलें होतें. मला तें आवडलें. पण आज भाषणासाठीं ‘शोधचित्रें’ हा जरा धुतलेला शब्द वापरतों.

गजबजलेलें चित्र ही वस्तु कांहीं आजची नव्हे. पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराचें ‘मुलांचे खेळ’ हें १५६० सालचें चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहे. त्यांत दोनशेंहून अधिक मुलें सुमारें ऐंशी प्रकारचे खेळ खेळत आहेत. त्याची एक छापील प्रत मीं एकदां वर्गांत लावली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यांत दोघीजणी हाडांचे खडे उडवीत बसल्या आहेत, त्यांच्याकडे पाहून लातूरकडून आलेली एक मुलगी एकदम ओरडली, “गुरुजी, गजगे!” चारशें वर्षांपूर्वींच्या त्या परदेशी मुली तिच्या लेखीं त्या क्षणीं गल्लींतल्या मैत्रिणी झाल्या होत्या. पुढें १६५८ सालीं कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञानें न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं सचित्र पाठ्यपुस्तक काढलें. त्यांत चित्रांतील वस्तूंवर आंकडे घालून प्रत्येक आंकड्यापुढें लॅटिन व जर्मन नांवें दिलेलीं आहेत. म्हणजे तेथें पुस्तक मुलाला सांगतें, आणि शोधचित्रांत तें मुलाला विचारतें. आम्हां मास्तरमंडळींना पहिला प्रकार अधिक सोयीचा वाटतो हें कबूल केलें पाहिजे.

आजच्या स्वरूपांतलीं हीं पुस्तकें मुख्यतः जर्मनींत रुजलीं. म्यूनिकचे अली मिटगुच यांचें ‘माझ्या शहरांत सभोंवार’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक १९६८ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्याला तेथील बालवाङ्मयाचें पारितोषिक मिळालें. उंच गच्चीवरून खालीं पाहावें तसें त्यांतलें शहर दिसतें. कोणी आपटलेला आहे, कोणी भांडतो आहे, एखादें पोर आईचा हात सोडून पळालें आहे. अमुकच शोधा अशी सक्ति नाहीं. त्यानंतर १९८७ सालीं इंग्लंडमध्यें मार्टिन हॅन्डफर्ड यांनीं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आणि गोंड्याची टोपी घातलेला वॉली नांवाचा एक चष्मेवाला हजारोंच्या गर्दींत दडवून दिला, आणि जगभर मुलें त्याला शोधूं लागलीं. या दोहोंत मला मिटगुचचा मार्ग अधिक भावतो. वॉली सापडला कीं पान संपलें. मिटगुचच्या पानाला शेवट नाहीं. आज पाहिलें तर हा पडलेला मनुष्य दिसतो, उद्यां त्याला पाडणारें कुत्रें दिसतें.

आपल्याकडेहि ही वाट अगदींच अनोळखी नाहीं. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकांतून चित्रवाचनाचीं पानें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. माधुरी पुरंदरे यांचें ‘चित्रवाचन’ याच नांवाचें पुस्तक ज्योत्स्ना प्रकाशनानें काढलें आहे. ज्यांना २०१४ सालीं साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला त्याच या लेखिका, आणि चित्रेंहि त्या स्वतःच काढतात. परदेशी पुस्तकांतली बर्फावरची गाडी आमच्या मुलांना समजावून सांगावी लागते. ओटा, पाण्याचा पिंप, दोरीवर वाळत घातलेलें लुगडें हीं समजावून सांगावीं लागत नाहींत, आणि मग मूल समजण्याचें काम सोडून पाहण्याच्या कामाला लागतें.

रहाटणी हें पवनेकांठचें गांव. मी शिकवूं लागलों तेव्हां वर्गांत शेतकऱ्यांचीं मुलें अधिक असत. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले तसतशीं सातारा, सोलापूर, लातूरकडचीं, मग कर्नाटकांतलीं, आणि शेवटीं शेवटीं बिहार-उत्तर प्रदेशांतलीं मुलें एकाच सतरंजीवर बसूं लागलीं. अशा वर्गांत ‘वाचा’ म्हटलें कीं अर्धा वर्ग गप्प होतो. ‘हुडका’ म्हटलें कीं कोणीच गप्प राहत नाहीं. एकदां चित्रांतल्या छत्रीवर तीन बोटें एकदम पडलीं. एक म्हणाला ‘छत्री’, बिहारची मुलगी म्हणाली ‘छाता’, आणि कलबुर्गीकडचा एक म्हणाला ‘कोडे’. कानडींत छत्रीला कोडे म्हणतात हें मला त्या दिवशीं समजलें. आमच्या मराठी पोरांना तर तें फारच गंमतीचें वाटलें, कारण छत्री हुडकणें हेंच त्यांचें कोडें होतें.

आतां ज्या प्रसंगासाठीं मीं हा विषय घेतला तो सांगतों.

१९९५ सालीं पुण्यास अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत मला हॅन्डफर्डचें एक पुस्तक मिळालें. मुखपृष्ठ फाटलेलें होतें, पण आंतलीं पानें शाबूत होतीं. मुलांनीं तें आठवड्याभरांत खिळखिळें केलें. तेव्हां मीं स्वतःच जाड पुठ्ठ्यावर एक तक्ता रंगविला. रहाटणीचें जुनें शिवार काढलें: विहीर, बैल, बगळे, बांधावर भाकरी सोडून बसलेल्या बायका, आणि मधोमध हिरवेंगार ज्वारीचें शेत. त्या ताटांत एक म्हातारा दडलेला. त्याचें लाल पागोटें तेवढें वर दिसावयाचें. हें पागोटें मीं वेगळ्या कागदावर काढून कापून घेतलें होतें, आणि दर शनिवारीं सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं तें ज्वारींत नव्या जागीं चिकटवीत असें. माझ्या चित्रकलेविषयीं मला अभिमान नाहीं. ज्वारी आणि पागोटें हे दोन्ही रंग मात्र सारखेच गडद उतरले होते, आणि त्या सारखेपणांतच पुढची सगळी चूक होती.

मुलें तक्त्यापुढें येत आणि क्षणार्धांत पागोट्यावर बोट ठेवीत. एक मुलगा मात्र तसाच उभा राही. एरवीं तो चुणचुणीत होता, पाढे तोंडपाठ होते. पण तक्त्यापुढें आला कीं डावीकडून उजवीकडे हळूहळू बोट नेई, पुन्हां मागें आणी, आणि इतरांच्या हंशानें गोंधळून भलत्याच ताटावर टेकवी. पहिल्या शनिवारीं मीं तें हंसण्यावारीं नेलें. चौथ्या-पांचव्या शनिवारीं मी रागावलों. “डोळे आहेत कीं बटणं?” असें सर्व वर्गादेखत त्याला विचारलें. मुलें खदखदून हंसलीं, आणि मला वाटलें कीं शिक्षा झाली, आतां हा लक्ष देईल. वर्षअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘लक्ष चंचल, निरीक्षण कमी’ असा शेरा मीं लाल शाईनें लिहिला. त्याच्या वडिलांनीं तो वाचून त्याला काय केलें असेल याचा विचार त्या वेळीं माझ्या मनांत आला नाहीं.

बारा वर्षांनीं, २००७ सालीं, तो मला भेटावयास आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत त्यानें इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि एका कारखान्यांत उमेदवारीसाठीं त्याची निवडहि झाली होती. वैद्यकीय तपासणींत डॉक्टरांनीं त्याच्यापुढें एक पुस्तक उघडलें. त्यांत रंगीबेरंगी ठिपक्यांनीं भरलेलीं वर्तुळें होतीं आणि प्रत्येक वर्तुळांत ठिपक्यांचाच एक आंकडा दडविलेला होता. पहिल्या पानावरचा बारा त्यानें वाचला. पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपकेच दिसले. विजेच्या कामांत लाल, पिवळी, निळी, काळी आणि हिरवी तार ओळखणें हा जिवाचा प्रश्न असतो. त्याला परत पाठविण्यांत कोणाची चूक होती असें मी म्हणणार नाहीं. हें सगळें सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “गुरुजी, तुमचं ते ज्वारीतलं पागोटं आठवतंय का? मला ते कधी दिसलंच न्हाई. मला वाटायचं, बाकीची पोरं तुमच्याकडं बघून ओळखत्यात.”

त्या मुलाला मीं सहाव्या वर्षीं जी परीक्षा दिली, तीच डॉक्टरांनीं अठराव्या वर्षीं दिली. ठिपक्यांचें तें पुस्तक शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रवैद्यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि खरें पाहतां तें एक शोधचित्रांचेंच पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या पानावरचा बारा सर्वांनाच दिसावा अशी योजना असते, म्हणजे काय करावयाचें आहे तें तपासून घेणाऱ्याला कळतें. फरक एवढाच कीं, डॉक्टरांना त्या चित्राचा अर्थ ठाऊक होता आणि मला माझ्या चित्राचा ठाऊक नव्हता.

ज्याला आपण रंगांधळेपण म्हणतों त्यांत मनुष्याला सारें जग काळें-पांढरें दिसतें असा एक गैरसमज आहे. तसें सहसा नसतें. डोळ्यांत रंग जाणणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांपैकीं एका प्रकारांत उणीव असली कीं लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळून जातात. लाल रंग पुष्कळदां काळपट भासतो. माझा लाल शाईचा शेरासुद्धां त्या पोराला बाकीच्या अक्षरांहून फारसा निराळा दिसला नसेल. हा दोष जन्मतःच असतो, आणि तो आईकडून मुलाकडे येतो. आई स्वतः सर्व रंग नीट पाहते, पण तिच्या वडिलांना तो दोष असला तर तिच्या मुलांत उतरूं शकतो. म्हणून तो मुलींत क्वचित् आणि मुलांत अधिक आढळतो. युरोपांत बारा पुरुषांत एक असें प्रमाण सांगतात. आपल्याकडे तें कमी आहे. तरी तीस मुलगे असलेल्या वर्गांत असा एखादा बसलेला असणें अगदीं संभवनीय आहे. आणि त्या मुलाला स्वतःला तें ठाऊक नसतें, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांनीं त्यानें कधीं पाहिलेलेंच नसतें.

मला कळावयास हवें होतें, असें आतां वाटतें. तो झाडाचें खोड हिरवें आणि पानें तपकिरी रंगवी. रंगखडू घेतांना आधीं त्यावरचा कागद वाची. मीं त्याला विसराळू समजलों. तुमच्या घरीं किंवा बालवाडींत असें मूल दिसलें तर रागावूं नका, आणि घाबरूंहि नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदां दाखवा. त्याला औषध नाहीं, पण पांचव्या-सहाव्या वर्षीं कळलें तर अठराव्या वर्षीं दार बंद होण्याची पाळी येत नाहीं, दुसरें दार वेळेवर शोधतां येतें. २०२० सालच्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें नियम बदलून सौम्य व मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना मोटार चालविण्याचा परवाना मिळण्याची सोय केली आहे, हेंहि येथें सांगून ठेवतों. पुष्कळांना तें ठाऊक नाहीं.

या प्रसंगानंतर मीं माझा तक्ता मोडला आणि दुसरा केला. या वेळीं रंगांची भिस्तच ठेविली नाहीं. वारली चित्रें तुम्हीं पाहिलीं असतील: लालसर मातीनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठाचे पांढरे आकार, आणि कांहीं नाहीं. मध्यें तारपा वाजविणारा, भोंवतीं नाचणाऱ्यांची वळसे घेत गेलेली रांग, कडेला झाडें, कोंबड्या, मुंग्या, पाणी भरणाऱ्या बाया. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं हें चित्र भिंतीवरून कागदावर आणून जगाला दाखविलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते वारले. शोधचित्रांना याहून चांगला आदर्श मला ठाऊक नाहीं. त्यांत पांढऱ्या आणि लालसर मातीचा भेद इतका मोठा असतो कीं, रंग कळो वा न कळो, आकार प्रत्येकाला दिसतोच. याच डहाणू तालुक्यांत बोर्डीस १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडास नेलें. त्या आणि अनुताई वाघ यांनीं पानें, बिया, शिंपले असलें हातीं लागेल तें साहित्य घेऊन वाड्यापाड्यांवर बालवाड्या चालविल्या. पुस्तक विकत घेण्याची ज्यांना ऐपत नाहीं त्यांनीं मनांत संकोच आणूं नये, एवढ्यासाठींच मीं हें सांगितलें. माझा दुसरा तक्ता गेरू आणि चुना यांवरच झाला, आणि त्याला खर्च जवळजवळ आला नाहीं.

आतां पुस्तक घेऊन मुलाशेजारीं कसें बसावें याविषयीं थोडें. शेजारींच बसावें, समोर बसूं नये. समोर बसलें कीं आपण परीक्षक होतों. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मोठाल्या आकारांचें, कमी गर्दीचें पान द्यावें, आणि पान फारच भरलेलें असेल तर कोऱ्या कागदानें अर्धें झांकावें. “मांजर कुठं आहे?” असें विचारण्याआधीं “तुला काय दिसतंय?” असें विचारावें, आणि मग उत्तर येईपर्यंत खरोखर थांबावें. या थांबण्यांतच आपण मोठीं माणसें नापास होतों. मुलाची नजर चुकीच्या कोपऱ्यांत असली तरी आपलें बोट आवरावें. तें ज्याला चुकीचा कोपरा म्हणतों तेथें त्याला निराळेंच कांहीं सांपडलेलें असण्याचा संभव असतो. घड्याळ लावून शर्यत तर कधींच करूं नये. आणि अधूनमधून मुलाला प्रश्न घालूं द्यावा, आपण शोधावें. आपल्याला सापडलें नाहीं तर तें खुशाल कबूल करावें. आजोबांना न दिसलेली चिमणी आपल्याला दिसली, हा आनंद त्याला शाळेंत कोठेंहि मिळणार नाहीं.

हींच चित्रें हल्लीं मोबाइलच्या पडद्यावरहि मिळतात. बोट लागतांच आवाज होतो, चांदण्या उधळतात. मला तीं रुचत नाहींत, यांत वयाचा भाग असेलच. पण त्या पडद्यावर दोन डोकीं मावत नाहींत. आणि बरोबर-चूक यंत्रच सांगत असल्यामुळें शेजारीं कोणी बसण्याची गरजहि राहत नाहीं. माझ्या त्या विद्यार्थ्याला चार महिने पागोटें दिसलें नाहीं तें मशीनला कळलें असतें कीं नाहीं कोण जाणे. मला कळलें नाहीं हें तर खरेंच; पण मी निदान शेजारीं बसलों असतों तर कळण्याचा संभव होता. मी टेबलामागें बसलों होतों.

त्या विद्यार्थ्यानें पुढें लेथवरचें काम पत्करलें. चाकणच्या बाजूला एका कारखान्यांत तो आज आहे, आणि त्याचा हात चांगला बसला आहे. गेल्या दिवाळींत तो आपल्या पांच वर्षांच्या मुलीला घेऊन घरीं आला. मुलीसाठीं मीं शोधचित्रांचें एक पुस्तक आणून ठेविलें होतें. पायरीवर आम्ही तिघें बसलों, मुलगी मध्यें. जंगलाचें पान निघालें. तांबड्या टोपीचा मनुष्य तिनें पान उघडतांच दाखविला, तिच्या बापानें हंसून मान हलविली, “मला न्हाई दिसत बाई, तूच बघ.” मग तिनें आम्हां दोघांना पालीचा प्रश्न घातला. पाल झाडाच्या खोडावर कोठें तरी आहे एवढेंच कडेला दिलें होतें. मीं चष्मा लावून पाहिलें, काढून पाहिलें. मुलीनेंहि पुष्कळ पाहिलें. खोडावर हिरवे-तांबडे डाग इतके होते कीं नजर ठरेना.

रंगांच्या गोंधळांत दडविलेला आकार कांहीं रंगांधळ्या माणसांना इतरांहून लवकर सांपडतो, असें इंग्लंडांतील संशोधकांनीं १९९२ सालीं प्रयोगानें दाखविलें आहे. तें मीं वाचलेलें होतें, पण त्या वेळीं मला आठवलें नाहीं. बापानें पान जरा जवळ ओढलें आणि खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागावर बोट ठेविलें.

“ही काय,” तो म्हणाला, “शेपूट इकडं, डोकं तिकडं.”

मुलगी वांकून पाहत राहिली. मग तिनें त्याचें बोट धरून बाजूला सारलें आणि स्वतः पालीच्या अंगावरून आपलें बोट शेपटापासून डोक्यापर्यंत फिरविलें.